कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत गोठवली आणि पुढच्या काही आठवड्यांत दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांसाठी तिच्या पैशावर अनेक देशांत वर्षानुवर्षे चाललेली कामे थांबली. गरीब देशांतील लोकसंख्येची आणि आरोग्याची पाहणी करणारा ‘डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे’ हा जुना उपक्रमही त्याच सुमारास थांबवण्यात आला. तेव्हापासून एक जुना वाद नव्या जोमाने घातला जात आहे. पैसा अपुरा असेल तर तो गोळ्यांवर खर्च करावा की आकड्यांवर? एका बाजूचे म्हणणे असे की, रोगी समोर बसलेला असताना मोजदाद करीत राहणे ही चैन आहे. आधी औषध द्यावे, हिशेब मागाहून पाहता येईल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, गावोगावच्या नोंदी थेट मोबाइलवरून घेणारी एकच मोठी संगणकीय प्रणाली उभारली की थोडक्या पैशांत सारे चित्र स्पष्ट होईल. हा वाद दोन्ही बाजू चुकीच्या रीतीने मांडत आहेत असे मला वाटते, कारण दोघांनीही रोगसर्वेक्षण ही उपचारापासून वेगळी, कचेरीत किंवा यंत्रात घडणारी गोष्ट मानली आहे. या आजारांच्या बाबतीत रुग्ण शोधणे आणि त्याची नोंद ठेवणे हा उपचाराचाच पहिला टप्पा आहे. तो वगळून दिलेले औषध कधी वाया जाते, तर कधी घातकही ठरते. आणि आजच्या व्यवस्थेत जे सर्वात आधी सुधारायला हवे त्याचा संगणकाशी फारसा संबंध नाही. ‘येथे रोग नाही’ आणि ‘येथे कोणी पाहिलेच नाही’ या दोन गोष्टी बहुतेक तक्त्यांत एकसारख्या दिसतात, हा तो मूळ दोष आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आज असे २१ आजार किंवा आजारांचे गट आहेत. कुष्ठरोग, हत्तीरोग, काळा आजार, खुपरी (पापण्यांना होणारा, अंधत्व आणणारा रोग), नारू (पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणारा जंत), निद्रारोग, डेंग्यू, रेबीज, खरूज, आतड्यांतले जंत, सर्पदंश आणि डिसेंबर २०२३ मध्ये समाविष्ट झालेला नोमा (तोंड आणि चेहरा सडवणारा रोग) ही त्यांतली काही नावे. वैद्यकीयदृष्ट्या त्यांच्यात फारसे साम्य नाही. साम्य आहे ते रोग्यांच्या परिस्थितीत. यांतले बहुतेक रोग ज्यांना होतात ते दवाखान्यापासून दूर राहतात, तिथे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि रोग हळूहळू वाढणारा असल्यामुळे ते तो अंगावर काढतात. म्हणून दवाखान्यात आलेल्यांची मोजणी करून रोगाचा अंदाज बांधण्याची पद्धत, जी झपाट्याने पसरणाऱ्या साथींसाठी कशीबशी चालते, ती येथे मुळातच अपुरी पडते. वर पोहोचणारा आकडा सगळ्या रोग्यांचा नसतो, दवाखान्यापर्यंत पोहोचू शकलेल्यांचा असतो. भारतात घरोघर जाऊन, मृत्यूपूर्वी काय घडले हे कुटुंबीयांना विचारून केलेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’चे सर्पदंशाविषयीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार २००५ या एका वर्षात सर्पदंशाने सुमारे ४६,००० मृत्यू झाले होते, तर सरकारी रुग्णालयांच्या नोंदींत हा आकडा वर्षाला एक-दोन हजारांच्या घरात असे. डेंग्यूची कथा वेगळ्या वळणाची आहे. २०१४ मधील एका अभ्यासाने २००६ ते २०१२ या काळात भारतात वैद्यकीय निदान झालेले डेंग्यूचे रुग्ण अधिकृत नोंदीच्या २८२ पट असावेत असा अंदाज काढला. सर्पदंशाने मेलेला माणूस बहुधा डॉक्टरपर्यंत पोहोचलाच नव्हता; डेंग्यूचा रोगी पोहोचला होता, पण त्याचा डॉक्टर नोंदीच्या व्यवस्थेत नव्हता. मौनाचे हे दोन प्रकार एकाच उपायाने मिटणारे नाहीत, आणि ‘डेटा सुधारा’ असे सरसकट म्हणणारे लोक हा फरक लक्षातच घेत नाहीत.

‘औषध आधी’ या भूमिकेचे बळ मात्र प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. हत्तीरोग, नदीकाठच्या काळ्या माशीमुळे होणारे अंधत्व, जंतदोष आणि खुपरी यांच्याविरुद्ध, एकेका माणसाचे निदान करीत न बसता, संपूर्ण वस्तीला ठरावीक काळाने औषध देण्याची सार्वत्रिक औषधोपचाराची पद्धत हे सार्वजनिक आरोग्याच्या मोठ्या यशांपैकी एक आहे. औषधे बहुतांशी सुरक्षित आहेत. आयव्हरमेक्टिन तर १९८७ पासून, आणि इतरही अनेक औषधे पुढे, उत्पादकांनी विनामूल्य दिली आहेत. शिवाय गोळी देणे रक्त तपासण्याहून सोपे आणि स्वस्त आहे. प्रत्येकाच्या तपासणीचा आग्रह धरला असता तर कोट्यवधी लोक औषधाविना राहिले असते. हे सारे खरे आहे. पण या पद्धतीने व्यक्तीचे निदान वगळले, वस्तीचे निदान वगळलेले नाही. कोणत्या भागात औषध द्यायचे हे आधीची पाहणी ठरवते, ते किती जणांच्या पोटात खरोखर गेले हे मधली पाहणी सांगते, आणि कधी थांबायचे हे शेवटची. या तिन्ही पाहण्या खर्चाच्या यादीतून खोडल्या तर उरते ते केवळ गोळ्यांचे वाटप, आणि ते कुठे व किती काळ करायचे हे सांगायला कोणीच उरत नाही.

आणि वाटप नेहमी निरुपद्रवी असते असेही नाही. मध्य आफ्रिकेच्या जंगलपट्ट्यात लोआ लोआ नावाचा एक जंत आढळतो. ज्याच्या रक्तात या जंताच्या सूक्ष्म अळ्या फार मोठ्या संख्येने असतात त्याने नदी-अंधत्वासाठी दिली जाणारी आयव्हरमेक्टिनची गोळी घेतली, तर मेंदूवर गंभीर परिणाम होऊन तो बेशुद्ध पडू शकतो, दगावूही शकतो. कॅमेरूनमधील ओकोला भागात १९९९ मध्ये असे घडले आणि तिथले वाटप थांबवावे लागले. नदी-अंधत्व मात्र तिथेच राहिले. २०१५ मध्ये त्याच भागात मोबाइल फोनला जोडलेल्या एका छोट्या सूक्ष्मदर्शकाने बोटातले थेंबभर रक्त जागच्या जागी तपासून सोळा हजारांहून अधिक लोकांना पाहण्यात आले. त्यांतले सुमारे २ टक्के लोक धोक्याच्या पातळीवर निघाले. त्यांना ती गोळी दिली नाही. ज्यांना दिली त्यांच्यात मेंदूचा तसा गंभीर विकार एकालाही झाला नाही. शंभरांतले ते दोघे कोण हे न कळताही गोळ्या वाटणे शक्य होते, १९९९ मध्ये तसेच झाले होते. गोळी आणि आकडा यांतून एक निवडा असे सांगणाऱ्यांनी ओकोलात नेमके काय निवडले असते?

थांबण्याचा प्रश्नही तितकाच कठीण आहे. हत्तीरोगासाठी एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांनी औषध घेतले आहे अशा, नेहमीच्या दोन औषधांच्या पद्धतीत, वर्षातून एक याप्रमाणे निदान पाच फेऱ्या झाल्या की सहा-सात वर्षांच्या मुलांचे रक्त तपासले जाते. या वयाची मुलेच का? कारण त्यांचे बहुतेक आयुष्य औषधवाटपाच्या काळात गेलेले असते. त्यांच्या रक्तात जंताच्या खुणा सापडल्या तर त्या जुन्या नसतात, प्रसार अजून चालू असल्याची ती साक्ष असते. ही तपासणी चुकवून लवकर थांबलो तर पाच वर्षांचे कष्ट वाया जातात. ती लांबवत राहिलो तर रोग नसलेल्या लाखो लोकांना वर्षानुवर्षे औषध देत बसतो. टोगो या छोट्या, फारसा पैसा नसलेल्या देशाने थांबल्यानंतरची राखण कशी करावी हे दाखवून दिले. हत्तीरोगाच्या सूक्ष्म अळ्या रक्तात रात्री येतात. रात्री तापाने दवाखान्यात आलेल्या रोग्याचे रक्त मलेरियासाठी काचपट्टीवर घेतलेलेच असते. तीच काचपट्टी या अळ्यांसाठीही पाहावी, अशी पद्धत तिथल्या प्रयोगशाळांत बसवली गेली. नवी मोहीम नको, रोग्याला दुसऱ्यांदा टोचणे नको, फक्त तंत्रज्ञाच्या नजरेला आणखी एक काम. २०१७ मध्ये टोगोने हत्तीरोगाचे दूरीकरण, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून त्याचा शेवट, केल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केले. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला हे साधणारा तो पहिला देश होता.

रोग ओसरल्यावर राखण सोडली की काय होते, हे इतिहासाने एकदा नव्हे, अनेकदा दाखवले आहे. आफ्रिकेतील निद्रारोगावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फिरत्या पथकांनी गावेच्या गावे तपासून ताबा मिळवला. १९६० च्या दशकाच्या मध्यावर संपूर्ण खंडात वर्षाला ५,००० पेक्षा कमी रुग्ण नोंदले जात होते. मग स्वातंत्र्यानंतरची अस्थिरता आली, पैसा आटला, ‘आता रोग उरलाच कुठे’ अशी भावना बळावली आणि पथके विखुरली. १९७० पासून रोग पुन्हा पसरू लागला. १९९८ मध्ये जवळजवळ ४०,००० रुग्ण नोंदले गेले आणि न सापडलेले सुमारे तीन लाख असावेत असा अंदाज होता. यॉज या त्वचा आणि हाडे खाणाऱ्या रोगाचीही अशीच कहाणी आहे. १९५२ ते १९६४ या काळात ४६ देशांत पाच कोटी लोकांना पेनिसिलिनची सुई देण्यात आली, रोग सुमारे ९५ टक्क्यांनी घटला. मग तो कार्यक्रम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाला, शोध घेणारी माणसे दुसऱ्या कामांना लागली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस रोग परतला. दोन्ही वेळा औषध तेच होते, तितकेच गुणकारी होते. मग हरवले काय? रुग्ण कुठे आहे हे सांगणारा माणूस हरवला. उलट भारतात यॉजचा शेवटचा रुग्ण २००३ मध्ये सापडल्यानंतरही शोध चालूच ठेवला गेला, पाच वर्षांखालील मुलांच्या रक्ताच्या पाहण्या झाल्या, आणि मगच २०१६ मध्ये देश यॉजमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. त्या तेरा वर्षांत एकही रुग्ण ‘बरा’ झाला नाही, कारण रुग्णच नव्हता. तरीही तो खर्च वाया गेला असे कोण म्हणेल?

येथे एक अडचण आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. चांगले सर्वेक्षण सुरू झाले की आकडा वाढतो, आणि वाढलेला आकडा अधिकाऱ्याला अपयशासारखा दिसतो. देवीच्या निर्मूलनाची मोहीम १९६७ मध्ये तीव्र करण्यात आली, त्या वर्षी जगभरातून सुमारे १,३१,००० रुग्ण कळवले गेले होते. प्रत्यक्षात रुग्ण एक ते दीड कोटी असावेत असा अंदाज आहे. भारतात १९७३ मध्ये घरोघर शोध सुरू झाला तेव्हा उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये काही दिवसांतच हजारो असे रुग्ण पुढे आले, जे कोणत्याही अहवालात नव्हते. ज्यांनी ते शोधले त्यांच्यावर ठपका ठेवला असता तर पुढच्या फेरीत रुग्ण सापडलेच नसते. त्याऐवजी रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस ठेवले गेले आणि रुग्ण कमी होत गेले तशी बक्षिसाची रक्कम वाढवली गेली. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही. माझ्या मते त्या मोहिमेत लसीइतकेच महत्त्व या एका निर्णयाला होते: सापडलेला रुग्ण हे शोधणाऱ्याचे यश मानले गेले.

कुष्ठरोगाच्या बाबतीत नेमके उलटे घडले. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने वर्ष २००० पर्यंत कुष्ठरोगाचे दूरीकरण करण्याचा ठराव केला आणि त्याची कसोटी ठरली दहा हजार लोकांमागे उपचाराखालील एकापेक्षा कमी रुग्ण. आता उपचाराखाली किती रुग्ण आहेत हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: नवे किती सापडतात आणि प्रत्येकाचा उपचार किती काळ चालतो. उपचाराचा काळ निम्मा केला की रोगाचा प्रसार तसूभरही कमी न होता आकडा निम्म्यावर येतो. आणि १९९८ च्या सुमारास जास्त जंतू असलेल्या रुग्णांचा उपचार २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आणला गेला. हा बदल वैद्यकीय कारणांनीच झाला होता आणि रुग्णांच्या सोयीचा होता, पण त्याने आकडा कमी झाला हेही तितकेच खरे. भारताने डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर ही कसोटी पार केली. त्यानंतर घरोघरचा शोध मंदावला, तरीही पुढच्या दशकात दरवर्षी सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण नोंदले जात राहिले आणि २०१६ मध्ये शोधमोहीम पुन्हा हाती घ्यावी लागली. कोणता आकडा मागायचा हे ठरवताना आपण कोणते वर्तन मागत आहोत, हा विचार त्या कसोटीत नव्हता. नव्या रुग्णांत लहान मुले किती आणि निदानाच्या वेळीच नजरेला येणारी विकृती असलेले किती, हे दोन आकडे अधिक खरे बोलतात. पहिला चालू प्रसाराविषयी सांगतो, दुसरा शोधातल्या दिरंगाईविषयी. २०१९ मध्ये जगात कुष्ठरोगाचे सुमारे २ लाख २ हजार नवे रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये १ लाख २७ हजार. ज्या रोगाचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, सरासरी पाच वर्षांचा असतो आणि कधी वीस वर्षांपर्यंत लांबतो, तो एका वर्षात एक तृतीयांशाहून अधिक कसा घटेल? कोविडमुळे शोधणाऱ्यांचे पाय थांबले होते, इतकाच त्या घटीचा अर्थ.

आता संगणकाचा भरवसा धरणाऱ्या दुसऱ्या बाजूकडे वळतो. त्यांच्याकडेही एक भक्कम उदाहरण आहे. डिसेंबर २०१२ ते जानेवारी २०१६ या काळात २९ देशांत २६ लाख लोकांचे डोळे तपासून खुपरीचा जागतिक नकाशा तयार करण्यात आला आणि त्या नोंदी स्मार्टफोनवर घेतल्या गेल्या. कागदावर हे काम इतक्या वेगाने झाले नसते. पण या उपक्रमाचे यश फोनचे होते असे मानणे म्हणजे चांगल्या स्वयंपाकाचे श्रेय ताटाला देणे होय. तिथे प्रत्येक तपासनीसाला एकाच पद्धतीने शिकवले होते, पापणी उलटवून नेमके काय दिसले तर ‘खुपरी’ म्हणायचे याची परीक्षा घेतली होती, आणि त्या परीक्षेत उतरलेल्यांनाच गावात पाठवले होते. ही शिस्त नसेल तर फोन काय करतो? ज्या प्रपत्रात प्रत्येक रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, त्यात कार्यकर्ती न पाहिलेल्या वस्तीपुढे शून्य लिहून मोकळी होते. कागदावर निदान तो रकाना कोरा राहिला असता आणि एखाद्या जाणत्या पर्यवेक्षकाला त्या कोरेपणाचा संशय तरी आला असता. यंत्राने मौनाचे शून्य केले, आणि त्या शून्याला नकाशावर हिरवा रंगही दिला.

चाड या देशातून दहा वर्षे नारूचा एकही रुग्ण कळवला गेला नव्हता. २०१० मध्ये तिथे पुन्हा दहा रुग्ण सापडले, आणि २०१२ पासून नारू कुत्र्यांतही असल्याचे दिसू लागले. त्या दहा वर्षांचे शून्य कसे होते? म्हणूनच नारू निर्मूलनात ‘शून्य कळवणे’ हा स्वतंत्र नियम आहे: रुग्ण नसेल तरी गावच्या स्वयंसेवकाने दर महिन्याला ‘रुग्ण नाही’ असा अहवाल द्यायचा, आणि किती गावांचे अहवाल आले हे रुग्णसंख्येच्या आधी पाहायचे. १९८६ मध्ये सुमारे ३५ लाख असलेले नारूचे रुग्ण २०२३ मध्ये १४ वर आले, आणि या रोगावर ना लस आहे, ना औषध. गाळलेले पाणी, पाण्यात न उतरणारा रोगी आणि न चुकणारा अहवाल, एवढ्यावर ते साधले. ज्यांना सर्वेक्षण ही औषधानंतरची गोष्ट वाटते त्यांनी या रोगाचे काय करायचे ठरवले असते, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

अंशाइतकाच छेदही महत्त्वाचा असतो. काँगो लोकशाही गणराज्यात शेवटची जनगणना १९८४ मध्ये झाली. भारतात २०११ नंतर २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. किती टक्के लोकांनी गोळी घेतली हे काढताना भागाकार कशाने करायचा? जुन्या छेदामुळे शंभर टक्क्यांहून अधिक लोकांनी औषध घेतल्याचे अहवालात दिसते. छेदाचा आवाकाही फसवतो. काळ्या आजाराच्या दूरीकरणाची कसोटी भारतात तालुक्याच्या पातळीवर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण अशी आहे. समजा, दोन लाख वस्तीच्या तालुक्यात वर्षाला १९ रुग्ण झाले आणि ते सगळे हजारभर लोकांच्या एकाच पाड्यावरचे आहेत. तालुका कसोटीला उतरला. तो पाडा मात्र कसोटीच्या १९० पट रोग सोसतो आहे. कितीही वेगवान संगणक ही सरासरी मोडून दाखवणार नाही, जोपर्यंत रुग्णाच्या नोंदीत पाड्याचे नाव लिहिलेले नाही.

गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर नोंदींचे ओझे आधीच असह्य झाले आहे, हा आक्षेप मला सर्वात न्याय्य वाटतो. एकाच रुग्णाचे नाव ती उपचाराच्या वहीत लिहिते, मासिक अहवालात लिहिते, मग कार्यक्रमागणिक वेगळ्या ॲपमध्ये लिहिते. प्रत्येक कार्यक्रमाच्या कचेरीला आपलाच तक्ता हवा असतो. त्यातला कोणता आकडा कोणी वाचला हे तिला कधीच कळत नाही. अशा अवस्थेत नवा रकाना वाढवणे अन्याय आहे. पण यावरचा उपाय नोंद थांबवणे हा नाही. ज्या आकड्यावर गेल्या वर्षभरात एकही निर्णय घेतला गेला नाही तो विचारणे बंद करावे. त्वचेवर दिसणारे कुष्ठरोग, यॉज, खरूज, काळ्या आजारानंतरचे चट्टे हे सगळे एकाच भेटीत, एकाच नजरेत आणि एकाच वहीत पाहता येतात. त्यांच्यासाठी चार वेगळ्या मोहिमा आणि चार वेगळे तक्ते कशासाठी? आणि खालून वर गेलेली माहिती काही आठवड्यांत खाली परत आली पाहिजे: तुमच्या वस्तीत हे आढळले, शेजारच्या वस्तीत ते आढळले, म्हणून पुढच्या महिन्यात अमुक करायचे आहे. ज्या कार्यकर्तीला आपल्या नोंदीमुळे फवारणी आल्याचे किंवा औषध आल्याचे दिसते ती पुढची नोंद काळजीपूर्वक करते. याला फार पैसा लागत नाही. वरच्या माणसाने खालच्या माणसाला उत्तर देणे बंधनकारक मानावे लागते, आणि ते पैशापेक्षा अवघड आहे हेही मान्य करतो.

दुसरा गंभीर आक्षेप नोंदीच्या गैरवापराचा आहे, आणि त्याच्यामागे इतिहास उभा आहे. भारतात १८९८ चा लेपर्स ॲक्ट २०१६ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ मध्ये रद्द झाली. जपानमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘कुष्ठरोगीमुक्त प्रांत’ अशी चळवळच चालली, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची नावे कळवली आणि माणसांना आयुष्यभरासाठी वस्तीबाहेरच्या संस्थांत नेले गेले. तो कायदा १९९६ मध्ये रद्द झाला आणि २००१ मध्ये कुमामोतो येथील न्यायालयाने त्या सक्तीसाठी शासनाला जबाबदार धरले. त्या प्रांतांनाही शून्यच गाठायचे होते, पण ते माणसे हटवून. हे ज्याला ठाऊक आहे तो ‘अधिक माहिती म्हणजे अधिक कल्याण’ असे डोळे मिटून म्हणू शकत नाही. तरीही नोंदच नको म्हटल्याने रोगी सुरक्षित होत नाही. तो लपतो आणि हाताची बोटे वाकल्यावर सापडतो. म्हणून नाव जिथे उपचार होतो तिथेच राहावे आणि वर फक्त वय, विकृतीची श्रेणी आणि वस्ती जावी, हा नियम कायद्याने घालून दिला पाहिजे. त्यातही एक बारकावा आहे: छोट्या पाड्यावरचा एकच रुग्ण नकाशावर ठिपक्याने दाखवला तर नाव न लिहिताही ते जाहीर झालेले असते. काम करणाऱ्यांचा नकाशा सूक्ष्म आणि लोकांपुढे ठेवायचा नकाशा ठोकळ, असे दोन नकाशे ठेवणे भाग आहे.

राहिला शेवटचा युक्तिवाद, आणि मदत आटल्यापासून तो वाढत्या आत्मविश्वासाने केला जातो. प्रत्यक्ष मोजणी महाग असेल तर गणिती प्रारूपांनी अंदाज काढावेत. जागतिक रोगभाराचे अंदाज असेच निघतात. ते अंदाज उपयुक्त आहेत, अर्थसंकल्पात कोणत्या रोगाला किती वाटा द्यावा याची चर्चा त्यांच्याशिवाय आंधळी होईल. परंतु ज्या भागातून नोंदच आलेली नाही तिथला अंदाज इतर भागांच्या नोंदींवर बेतलेला असतो, आणि तो कितीही चांगला असला तरी कोणत्या घराचे दार ठोठवायचे हे सांगत नाही. शिवाय प्रारूपाला पोसणाऱ्या पाहण्याच बंद केल्यावर ते कशावर उभे राहणार? मायसेटोमाचे पाहा. मातीतली बुरशी किंवा जिवाणू काट्याच्या जखमेतून बहुधा पायात शिरतात, वर्षानुवर्षे न दुखता हाडापर्यंत पोचतात, आणि अनेकांचा पाय कापावा लागतो. २०१६ मध्ये हा रोग जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आला. त्याविषयीचे जगातले बरेचसे ज्ञान १९९१ मध्ये खार्टूम येथे स्थापन झालेल्या मायसेटोमा संशोधन केंद्रातून आले. हजारो रोग्यांच्या नोंदी आणि नमुने तिथे जपलेले होते. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटले आणि त्यात ते केंद्र उद्ध्वस्त झाले. वर्षानुवर्षे गोळा केलेले नमुने आणि माहिती त्याबरोबर गेली. जगात मायसेटोमाचे रोगी किती, याचा विश्वासार्ह आकडा ते केंद्र चालू होते तेव्हाही नव्हता, आणि तो काढण्यासाठी लागणाऱ्या नोंदींचा एक मोठा साठा आता उरलेला नाही.